पालेर्मोची मिठाई : कोणी केली, कोणी खाल्ली

‘कसाटा’ हा शब्द मराठीत आला तो लग्नाच्या स्वागतसमारंभातून. दोन-तीन रंगांच्या थरांची, कडेला सुकामेवा लावलेली आइस्क्रीमची चकती म्हणजे कसाटा, अशीच आपली समजूत असते. मूळ सिसिलीतल्या कस्सातात बर्फाचा कणही नसतो. मेंढीच्या दुधाच्या निवळीपासून केलेला गोड रिकोत्ता, त्याखाली अंड्याचा हलका केक, भोवती बदाम आणि साखरेच्या हिरव्या लगद्याची भिंत, वर पांढऱ्या पाकाचा थर आणि त्यावर पाकवलेली फळे, असा तो ऐवज असतो. थिजवलेला प्रकार त्याच नावाने पुढे जगभर गेला आणि आपल्यापर्यंत पोहोचला. शब्दाच्या व्युत्पत्तीबद्दल मतभेद आहेत. काही जण तो अरबीतल्या पसरट भांड्याच्या नावावरून आला असे मानतात, तर काही लॅटिनमधल्या चीजच्या शब्दाकडे बोट दाखवतात. आपण त्या वादात पडण्याचे कारण नाही. साखरेचा प्रवास मात्र वादातीत आहे. संस्कृत ‘शर्करा’ फारसीतून अरबीत ‘सुक्कर’ झाली, उसाच्या लागवडीबरोबर अरबांनी ती सिसिलीत नेली आणि इटालियनमध्ये तिचे ‘त्सुक्केरो’ झाले.

शब्दांचे हे प्रवास आपल्याला आवडतात. भाषेच्या प्राध्यापकाला तर ते फारच आवडतात, कारण त्यात कोणाचे काही जात नाही. पदार्थाची व्युत्पत्ती सांगितली की पदार्थ समजला, असे आपण धरून चालतो. साहित्याच्या वर्गातही तेच होते. कादंबरीत जेवणाचे वर्णन आले की ‘ऐंद्रिय संवेदनांचे प्रभावी चित्रण’ किंवा ‘वातावरणनिर्मिती’ असे उत्तरपत्रिकेत लिहायचे आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचे. मिठाई कोणी केली, कोणत्या घरात केली, तिचे पैसे कोणाला मिळाले, हे प्रश्न आपल्या समीक्षेला सहसा पडत नाहीत. पालेर्मोच्या मिठाईच्या दुकानात मात्र ते टाळता येत नाहीत, आणि ‘इल गात्तोपार्दो’ नीट वाचली तर त्या कादंबरीतही टाळता येत नाहीत, असे माझे म्हणणे आहे.

जुझेप्पे तोमासी दी लाम्पेदूझा यांची ही एकुलती एक कादंबरी १९५८ साली, त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभराने प्रसिद्ध झाली आणि १९५९ साली तिला स्त्रेगा पुरस्कार मिळाला. वित्तोरीनींसारख्या मान्यवराने ती नाकारली होती, हा किस्सा साहित्याच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतो. लेखकाचा दिनक्रम तितकासा ठाऊक नसतो. सिसिलीच्या एका जुन्या सरदार घराण्यातला हा शेवटचा राजपुत्र १९५०च्या दशकात रोज सकाळी पायी घराबाहेर पडे. त्याच्या घराण्याचा वाडा १९४३ सालच्या बाँबवर्षावात पडला होता आणि तो समुद्राजवळच्या दुसऱ्या घरात राहत होता. नाश्ता एका मिठाईच्या दुकानात, मग पुस्तकांची दुकाने, मग कॅफे, असा त्याचा क्रम असे. हातात चामड्याची पिशवी, तिच्यात पुस्तके आणि त्यांच्या सोबतीला खाऊ. कादंबरीचा काही भाग माझारा नावाच्या कॅफेतल्या टेबलावर लिहिला गेला. थोडक्यात, लेखक मिठाईचा रोजचा गिऱ्हाईक होता. अशा माणसाच्या कादंबरीत मिठाई येते तेव्हा ती शोभेसाठी आलेली नसते, एवढे तरी आपण गृहीत धरायला हवे.

काही वर्षांपूर्वी नोव्हेंबरच्या सुरुवातीला पालेर्मोत आठ दिवस राहण्याचा योग आला. विद्यार्थ्यांशी बोलताना मी तिथल्या चर्चांपेक्षा दुकानांबद्दल जास्त बोलतो, अशी तक्रार सहकारी करतात. ती खरी आहे, पण तिचे कारणही आहे.

पालेर्मोत मिठाई घेणे हा एक शिस्तीचा व्यवहार आहे. मोठ्या दुकानात क्रमांकाची चिठ्ठी घ्यावी लागते. वजन किलोत न सांगता ‘एत्तो’त, म्हणजे शंभर ग्रॅमच्या मापात सांगतात. छोट्या छोट्या मिठाया निवडून पुठ्ठ्याच्या तबकात मांडल्या जातात, त्या तबकाला ‘ग्वांतिएरा’ म्हणतात. मग त्यावर कागद, कागदावर फीत आणि फितीचा फास बोटात अडकवता येईल असा. रविवारी दुपारी जेवायला कोणाकडे जायचे असेल तर ही ग्वांतिएरा हातात असते. रविवारी सकाळी रस्त्यावर उभे राहिले तर निम्म्या माणसांच्या बोटांत तो फास दिसतो. आपल्याकडे पाहुण्याच्या हातात पेढ्यांचा पुडा असे, तशीच ही गोष्ट, फक्त हे लोक निवड करताना दुकानदाराशी चांगला वाद घालतात.

कान्नोली घेताना तर वाद घालायलाच हवा. वेतासारख्या बोरूभोवती गुंडाळून तळलेली ही पोकळ नळी. बोरूला ‘कान्ना’ म्हणतात, म्हणून कान्नोली. नळी आधी भरून ठेवली तर रिकोत्ताचे पाणी सुटते आणि ती मऊ पडते. ज्या दुकानात रिकाम्या नळ्या रचून ठेवलेल्या असतात आणि मागणी आल्यावर भरतात, ते दुकान चांगले. काचेआड भरलेल्यांची रांग दिसली की पुढे चालू लागावे. दुसरे असे की मेंढीच्या दुधाचा रिकोत्ता ऋतूवर अवलंबून असतो. हिवाळा आणि वसंतात तो उत्तम मिळतो आणि उन्हाळ्यात दूध आटते. ऑगस्टमधल्या पर्यटकाच्या हाती पडतो तो कान्नोली बहुधा गाईच्या दुधाचा किंवा शीतपेटीतला असतो. (शाकाहारी वाचकांसाठी : नळीच्या पिठात पारंपरिक पद्धतीने डुकराची चरबी घालतात आणि तळणही तिच्यातच होत असे. विचारून घ्यावे. बदाम आणि साखरेच्या मिठाईला ही अडचण सहसा नाही.)

दिनदर्शिका हीच इथली खरी मालसूची आहे. १९ मार्चला, संत जोसेफच्या दिवशी रिकोत्ता लावलेले तळलेले मऊ गोळे, ईस्टरला कस्साता, १५ ऑगस्टला कलिंगडाच्या रसाचा मोगऱ्याच्या वासाचा थलथलीत पदार्थ, १३ डिसेंबरला, संत लुचीच्या दिवशी भिजवून शिजवलेल्या अख्ख्या गव्हाची रिकोत्ता घातलेली ‘कुच्चीआ’, नाताळात अंजिराचे सारण भरलेले कंकण. ईस्टरच्या सकाळी ज्याला कस्साता मिळत नाही तो करंटा, अशा अर्थाची एक म्हण तिथे आहे. गव्हाची खीर ठाऊक असलेल्या मराठी माणसाला कुच्चीआ परकी वाटणार नाही. कस्सातावरचे पारदर्शक हिरवट-पांढरे तुकडे दुधीच्या जातीच्या एका भोपळ्याचे पाकवलेले असतात आणि चवीला थेट आपल्या पेठ्याजवळ जातात.

मी गेलो तो आठवडा मृतांच्या दिवसाचा, २ नोव्हेंबरचा होता. त्या दिवशी सिसिलीत घरातले मृत लहान मुलांसाठी खाऊ आणि खेळणी ठेवून जातात, अशी श्रद्धा आहे. आपल्याकडे आपण पितरांना वाढतो, तिथे पितरच नातवंडांना वाढतात. त्या आठवड्यात दुकानांच्या काचेआड साखरेच्या रंगवलेल्या बाहुल्या आणि ‘मार्तोरानाची फळे’ यांची रास असते. बदामाच्या लगद्याची ही फळे साच्यात घालून, हाताने रंगवून, वर चकाकी देऊन केलेली असतात. संत्र्याच्या सालीची छिद्रे, अंजिराची चीर, डाळिंबाचे फुटलेले पोट, नाशपातीवरचा तपकिरी डाग, सारे जिथल्या तिथे. डाग काढण्याचे कौशल्य मला सर्वांत विलक्षण वाटले. बिनडागी फळ खोटे दिसते, हे या कारागिरांना पक्के ठाऊक आहे.

मार्तोराना हे मठाचे नाव आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीस, ११९४ साली, एलोईझा मार्तोराना या स्त्रीने बेनेडिक्टाइन संन्यासिनींसाठी स्थापलेला मठ. (आपल्याकडे ‘कॉन्व्हेंट’ म्हणजे इंग्रजी माध्यमाची शाळा, म्हणून इथे ‘मठ’ हाच शब्द वापरतो.) आख्यायिका अशी की एका थोर पाहुण्याच्या भेटीच्या वेळी बाग ओकीबोकी होती, तेव्हा संन्यासिनींनी बदामाची फळे करून झाडांना टांगली. आख्यायिका गोड आहे आणि पर्यटकांना सांगायला सोयीची आहे. पण ती पाहुण्याची कथा आहे; फळे कोणी रंगवली त्यांतल्या एकीचेही नाव तिच्यात नाही.

नाव नसण्याची व्यवस्था लाकडाची होती. मठाच्या भिंतीत एक फिरता पिंप बसवलेला असे, त्याला ‘रुओता’, म्हणजे चाक म्हणतात. गिऱ्हाईक बाहेरून पैसे ठेवी, आवाज देई, पिंप फिरे, आणि आतून मिठाई येई. दोघांनी एकमेकांचे तोंड पाहायचे नाही. या भिंतींच्या आड कोण होत्या, हे युरोपच्या सामाजिक इतिहासात नीट नोंदलेले आहे. सरदार घराण्यातली इस्टेट एका मुलाकडे अखंड राहावी, हुंड्यात वाटली जाऊ नये, म्हणून धाकट्या मुली मठात पाठवल्या जात. मठालाही हुंडा लागे, पण तो नवऱ्याच्या हुंड्यापेक्षा कमी. साखर आणि बदाम एके काळी चैनीच्या वस्तू होत्या, त्या मठात पोहोचत त्या याच श्रीमंत नात्यांमुळे. आणि प्रत्यक्ष बदाम सोलणे, कुटणे, भट्टीपाशी उभे राहणे ही कामे बरीचशी गरीब घरांतून आलेल्या सेवेकरी भगिनींच्या वाट्याला येत. म्हणजे भिंतीच्या आतही वरची आणि खालची माळ होतीच. इटालियन साहित्याला हा विषय नवा नाही. मान्झोनींची मोंझाची संन्यासीण आहे, आणि जोव्हान्नी वेर्गा यांची इच्छेविरुद्ध मठात कोंडलेल्या मुलीची १८७१ सालची पत्ररूप कादंबरी आहे. त्या कादंबऱ्यांत मुलगी दिसते. मिठाईचा उल्लेख असला तर जाता जाता.

लाम्पेदूझांनी दोन्ही टोके जोडली, आणि तीही अवघ्या काही ओळींत. कादंबरीच्या दुसऱ्या भागात दोन्नाफुगाता गावी राजपुत्र दोन फाब्रीत्सिओ आपल्या पूर्वज स्त्रीने स्थापन केलेल्या मठाला भेट देतो. तिथे आत पाऊल टाकण्याचा हक्क असलेले पुरुष दोनच, तो आणि नेपल्सचा राजा. या हक्काचा त्याला अभिमान आहे, आणि संन्यासिनी शतकांच्या जुन्या कृतीने करतात ते बदामी खाद्यही त्याला आवडते. सहाव्या भागात, नोव्हेंबर १८६२ मधल्या पालेर्मोच्या नृत्यसमारंभात तोच माणूस मिठाईच्या टेबलापाशी येतो. तिथे ‘कुमारिकांचे स्तन’ या नावाची मिठाई असते, आणि तो ती मागून घेतो. हातातल्या बशीकडे पाहताना त्याला छिन्न स्तन तबकात घेऊन उभी असलेली संत आगाता आठवते. आणि त्याच्या मनात प्रश्न येतो की धर्मसभेच्या हाती सत्ता होती तेव्हा तिने या मिठाईवर बंदी का घातली नाही. मठांनी करून विकायची आणि नाचाच्या रात्री लोकांनी खायची ही वस्तू!

या प्रसंगाबद्दल बहुतेक समीक्षा काम आणि मृत्यू यांच्या सान्निध्याबद्दल बोलते. ते बरोबर आहे, पण अपुरे आहे. राजपुत्राच्या विचारात ‘मठांनी विकलेली’ हा तपशील आहे आणि तो लेखकाने मुद्दाम ठेवलेला आहे. टेबलावरची मिठाई कुठून आली हे तिथे जमलेल्यांपैकी निदान एकाला ठाऊक आहे. ज्याला मठाच्या दारातून आत जाण्याचा वंशपरंपरागत हक्क आहे, त्यालाच भिंतीआडच्या हातांची आठवण येते, आणि ती आल्यावर तो काय करतो? खातो. कादंबरीचा सारा उपरोध मला त्या खाण्यात दिसतो. सिसिलीच्या सरदारवर्गाचे पतन वगैरे गोष्टी वर्गात सांगताना आपण इतिहासाचे सनावळीपत्रक मांडतो. लाम्पेदूझांना एक बशी पुरली.

आणि सनावळ घ्यायचीच तर ती अशी घ्यावी : नृत्यसमारंभ १८६२चा आहे, आणि जुलै १८६६ मध्ये नव्या इटालियन राज्याने कायदा करून धर्मसंघांचे कायदेशीर अस्तित्व संपवले, त्यांची मालमत्ता सरकारजमा केली. असलेल्या संन्यासिनींना निवृत्तिवेतन आणि मागणी केल्यास आहे त्या वास्तूत राहण्याची मुभा मिळाली. संख्या सहावर आली की त्यांना दुसरीकडे हलवता येई. म्हणजे राजपुत्राच्या बशीतली मिठाई करणाऱ्यांच्या डोक्यावरचे छप्पर चार वर्षांत कायद्याने त्यांचे राहणार नव्हते. १९५०च्या दशकात लिहिणाऱ्या लेखकाला हे माहीत होते, १८६२च्या पात्राला नाही. जमिनी गेल्यावर अनेक मठांना मिठाईची विक्री हाच आधार उरला. जी वस्तू पूर्वी नातेवाइकांना, धर्मगुरूंना नजराणा म्हणून जाई, ती पोटासाठी विकावी लागली. शहरातल्या दुकानदारांनी कृती उचलल्या आणि मठांची नावे पाटीवर राहिली.

असाच प्रकार आपल्या शेजारी, गोव्यातही घडला आहे, म्हणून इथे थोडे थांबतो. जुन्या गोव्यातला सांता मोनिका मठ १६०६ साली स्थापन झाला. बेबिंक ही थरांची मिठाई तिथल्याच एका संन्यासिनीने प्रथम केली अशी आख्यायिका गोव्यात सांगतात. १८३४ साली पोर्तुगालने पुरुषांचे मठ बंद केले आणि स्त्रियांच्या मठांत नव्या मुली घेण्यास मनाई केली; असलेल्या संन्यासिनी एकामागून एक वारल्या की मठ आपोआप बंद. कायद्याची ही रीत इटलीच्या कायद्याहून फार वेगळी नाही. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत नाताळाला बदामाऐवजी काजूचे मार्झिपान साच्यातून काढतात, त्या साच्यांत फळेही असतात. पालेर्मोच्या काचेआडच्या फळांचे ते लांबचे भावंड आहे. गोव्याच्या मिठाईवर मराठीत चविष्ट लिहिले जाते. मठ रिकामा होत गेला त्या वर्षांबद्दल मराठीत वाचायला मिळावे, अशी इच्छा आहे.

आता पिस्ते. पालेर्मोच्या चांगल्या दुकानात हिरव्या रंगाच्या मिठाईसमोर ‘ब्रोंते’ अशी चिठ्ठी असते. ब्रोंते हे एटना ज्वालामुखीच्या उतारावरचे गाव. लाव्हाच्या जमिनीत तिथे पिस्ते होतात, तेही वर्षाआड. भाव चढा, म्हणून नावाचा गैरवापरही होतो. भडक पोपटी रंग दिसला की शंका घ्यावी, खरा लगदा जरा मळकट असतो. इंग्रजीच्या प्राध्यापक मित्रांना हे नाव ओळखीचे वाटेल. नेपल्सच्या राजाने १७९९ साली नेल्सनला ब्रोंतेची जहागीर दिली, आणि ब्राँटी भगिनींच्या वडिलांनी आपल्या आयरिश आडनावाचे स्पेलिंग बदलले ते त्या जहागिरीच्या प्रभावाने, असे सांगितले जाते. मराठीच्या प्राध्यापकाला आठवावी ती दुसरी गोष्ट. ऑगस्ट १८६०च्या पहिल्या आठवड्यात, गारीबाल्दी आले म्हणजे जमीन मिळेल या आशेने ब्रोंतेचे शेतकरी उठले आणि त्यांनी गावातल्या मातब्बरांची कत्तल केली. गारीबाल्दींचा सेनानी नीनो बिक्सिओ तिथे पोहोचला, झटपट खटला चालला, आणि १० ऑगस्टला पाच जणांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यांत गावातला एक वेडसर इसमही होता. वेर्गांनी यावर ‘लिबेर्ता’ ही कथा लिहिली, ती १८८३च्या संग्रहात आहे. तिच्यात त्यांनी वेड्याचा बुटका केला, आणि हा बदल निरागस नाही, असे पुढे लिओनार्दो शाशा यांनी दाखवून दिले.

‘गात्तोपार्दो’तली दोन्नाफुगाताची प्रसिद्ध मेजवानी, ती सोनेरी कवचाची, साखर आणि दालचिनीच्या वासाची मॅकरोनीची भरलेली थाळी, ती कोणत्या महिन्यातली आहे? ऑगस्ट १८६०. त्याच मेजवानीला गावचा नवा धनी, दोन कालोजेरो सेदारा, न बसणारा कोट घालून येतो. जमिनी बदलत्या वाऱ्याबरोबर त्याच्याकडे सरकत आहेत. ब्रोंतेचे नाव कादंबरीच्या त्या पानांत नाही, ते असायलाच हवे असे मी म्हणत नाही. पण पिस्त्याच्या मिठाईसमोरची चिठ्ठी वाचणाऱ्याला आणि कादंबरी वाचणाऱ्याला, दोघांनाही तो महिना सारखाच माहीत असावा.

सेदाराची जात पुढे काय झाली, हेही दुकानाच्या दारात दिसते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पालेर्मोत दुकान चालवायचे म्हणजे माफियाला ‘पित्सो’, म्हणजे हप्ता द्यायचा, हे जवळजवळ गृहीत होते. लीबेरो ग्रास्सी या कापड कारखानदाराने जानेवारी १९९१ मध्ये वर्तमानपत्रात खुले पत्र लिहून हप्ता नाकारला. त्याच वर्षी २९ ऑगस्टला भर रस्त्यात त्यांचा खून झाला. २००४ साली काही तरुणांनी एका रात्रीत शहरभर चिकटपट्ट्या लावल्या. हप्ता देणाऱ्या जनतेला प्रतिष्ठा नसते, असा त्यांवरच्या मजकुराचा आशय होता. त्यातून ‘आदिओपित्सो’ ही चळवळ उभी राहिली. हप्ता न देणाऱ्या दुकानांची यादी करायची आणि गिऱ्हाइकांनी तिथूनच खरेदी करायची, अशी तिची साधी कल्पना. १८३४ पासून चालत आलेल्या सान फ्रांचेस्को चौकातल्या जुन्या खाणावळीच्या मालकाने २००५ साली खंडणीची तक्रार केली आणि २००७ साली न्यायालयात आरोपीकडे बोट दाखवले. आज अनेक दुकानांच्या दारावर चळवळीची चिकटपट्टी असते. ती असली की पदार्थ उत्तमच, असे नाही. ती पाहिल्याशिवाय आत जाऊ नये, एवढे मी माझ्यापुरते ठरवले होते. त्यापायी एका फार नावाजलेल्या दुकानासमोरून दोनदा परत फिरलो. माझ्या शब्दांची आणि पाकिटाची दोन्हींची किंमत लक्षात घेता त्या दुकानाचे काही बिघडले नसेल.

२०२५ साली नेटफ्लिक्सवर ‘गात्तोपार्दो’ची मालिका आली, त्याआधी १९६३ साली विस्कोंतींचा चित्रपट होताच, त्याला कानला सर्वोच्च पारितोषिक मिळाले होते. अशा कलाकृतींमागून पर्यटक येतात आणि कादंबरीतली मिठाई मागतात. साहित्यप्रेमी पर्यटकाला हिणवण्याचा माझा हेतू नाही, मीही तोच आहे. पण या निमित्ताने एक विशिष्ट हळहळ ऐकू येते, तिच्याशी माझे भांडण आहे. ती अशी की पूर्वी कशी भिंतीआडून, पिंप फिरून, कुजबुजत्या आवाजात मिठाई मिळे, आता त्यातले गूढ गेले. पाल्मा दी मोन्तेकियारो या तोमासी घराण्याच्या गावी बेनेडिक्टाइन संन्यासिनींचा मठ आहे, कादंबरीतला मठ त्यावरूनच घेतलेला. तिथली बदामी बिस्किटे घ्यायला लोक मुद्दाम जातात, आणि जातात ते बरेचसे त्या पिंपासाठीच, असे त्यांचे लिखाण वाचून वाटते.

पालेर्मोत पिआत्सा बेल्लीनी या एकाच चौकात मार्तोरानाचे चर्च आणि समोर सांता कातेरीना मठ आहे. पहिल्या मठातल्या संन्यासिनी केव्हाच गेल्या, नाव फळांवर उरले. दुसऱ्या मठातल्या शेवटच्या डॉमिनिकन संन्यासिनी २०१४ साली बाहेर पडल्या आणि २०१७ साली वास्तू लोकांसाठी उघडली. आता तिथे आत एक मिठाईचे दुकान आहे. शहरातल्या वेगवेगळ्या मठांच्या जुन्या कृती गोळा करून त्या बरहुकूम केलेले पदार्थ तिथे मिळतात, आणि शेजारच्या अंगणात, कारंज्याभोवती, माजोलिका फरशांच्या सान्निध्यात बसून खाता येतात. हे म्हणजे मठाचे संग्रहालय झाले, पावित्र्याचा बाजार झाला, असा आक्षेप मी एका विद्वान गृहस्थांकडून ऐकला. त्यांच्या हातातही त्या वेळी कान्नोली होता, ही गोष्ट वेगळी.

मला तो आक्षेप पटत नाही. पावित्र्याचा बाजार १८६६ च्या आधीही होता, फक्त तेव्हा विकणारीचा चेहरा दिसू नये याची सोय लाकडात करून ठेवली होती. आज गल्ल्यावर एक बाई उभी असते. ती पगारावर काम करते, संध्याकाळी घरी जाते, गर्दीच्या वेळी वैतागते, सुट्टे नाहीत म्हणून ऐकवते. मी तिला ‘कुमारिकांचे स्तन’ दोन द्या म्हटले तेव्हा माझ्या इटालियन उच्चारांवर ती मोकळेपणाने हसली, आणि आज ते संपले आहेत, उद्या सकाळी लवकर या, असे तिने सांगितले.